गवत कापू नये

आमच्या बाबांना सगळी वसाहत ‘उंदीरसाहेब’ म्हणायची. साहेब ते कधीच नव्हते. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत अगदी खालच्या पायरीवरची त्यांची नोकरी होती. संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी उंदीर गोळा करायचे आणि दुपारपर्यंत त्यांच्या अंगावरचे किडे मोजून वहीत लिहायचे. पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, मोजे पँटवर ओढून, दोन्ही हातांत पिंजरे घेऊन ते निघाले की चालण्यात असा काही रुबाब असायचा की लोकांनी त्यांना ‘साहेब’ चिकटवूनच टाकलं. तो टोमणा आहे हे त्यांना अजूनही कळलेलं नाही. किंवा कळलं असेल आणि आवडलं असेल.

मला मात्र त्या नावाचा शाळेपासून राग होता. वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं तरी सगळे माझ्याकडे बघायचे. घरी येऊन मी आईजवळ रडगाणं गायचे आणि ती हसायची.

“अगं, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात,” ती म्हणायची. “तुझे बाबा उंदरातून काय काढतात ते एकदा बघून तरी ये.”

एका सुट्टीच्या दिवशी गेले मी बघायला. बारा वर्षांची असेन. लांबट खोली, फिनेलचा वास, खिडकीखाली दगडी ओटा. ओट्यावर पांढऱ्या कापडी पिशव्या ओळीनं ठेवलेल्या. प्रत्येक पिशवीत एक उंदीर, तोंड नाडीनं आवळलेलं, नाडीला चिठ्ठी. एका उंदराचे किडे दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून ही वेगवेगळी बिऱ्हाडं. बाबांनी एकाला भूल दिली, पांढऱ्या तसराळ्यावर धरलं आणि त्याचे केस बारीक दातांच्या फणीनं विंचरायला लागले. ती आमच्या घरची उवांची फणी होती. आई महिनाभर शोधत होती ती.

मग त्यांनी उंदराचा कान उलटा करून भिंग माझ्या हातात दिलं. कानाच्या आत तिखट सांडल्यासारखे लालसर ठिपके दाटीनं बसले होते. नीट पाहिलं तर त्यांना पाय होते.

“यांना माइट म्हणतात. ही त्यांची पिल्लं,” बाबा म्हणाले. “उगाच उंदराला शिव्या देऊ नकोस. रोगाचा जंतू असतो तो या किड्याच्या पोटात. आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात, असा वारशानं चालत येतो. उंदीर त्यांना जेवू घालतो आणि या गवतातून त्या गवतात फिरवून आणतो. पिल्लू गवताच्या टोकाशी वाट बघत बसतं. उंदीर आला तर उंदीर, माणूस आला तर माणूस.”

“मग माणसाला काय होतं?”

“चावलेलं कळतसुद्धा नाही. दुखत नाही, खाजत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, डोकं फुटायला होतं, आणि चावलं तिथं काळी खपली धरते. सिगारेटनं भाजल्यासारखी. ती खपली दिसली तर साध्या गोळ्यांनी दोन दिवसांत माणूस उठून बसतो. नाही दिसली तर डॉक्टर भलत्याच तापाचं औषध देत बसतात.” बाबांनी फणी तसराळ्यावर आपटली. “म्हणून शोधायची. काखेत, कमरेला, केसांत, जिथं कुणी बघत नाही तिथं.”

त्यांनी चौदा ठिपके मोजले. मी तेरा मोजले होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले, चौदाच भरले, आणि मग वहीत लिहिलं. आकड्याच्या बाबतीत हा माणूस असा होता. घरात दुधाचं भांडं उतू गेलं तरी लक्ष नसायचं, पण कुणी ‘पंधरा-वीस उंदीर’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पंधरा की वीस?

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायची माझी फारशी इच्छा नाही, पण बाबांबद्दल सांगायचं तर ती टाळून चालणार नाही.

मी लग्नाची झाले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वसाहतीच्या मागं एक मोकळी जागा होती. पूर्वी तिथं गोदाम होतं. ते पाडलं, राडारोडा तसाच राहिला आणि त्यावर कमरेएवढं गवत माजलं. कडेला पडक्या भिंतीचा गुडघाभर उंचीचा तुकडा उरला होता. त्या बाजूच्या दोन घरांत लागोपाठ ताप निघाला, दोघांच्याही अंगावर काळी खपली सापडली, आणि बाबांना काम मिळालं. बारा आठवडे त्या जागेत पिंजरे लावायचे आणि दर आठवड्याला एका उंदरामागं किती माइट निघतात ते लिहायचं. आकडा चढता राहिला तर वरचे लोक हलतील, सगळ्या भागात औषधफवारणी होईल, दवाखान्यांना गोळ्यांचा साठा मिळेल. बाबांच्या अख्ख्या नोकरीत एवढं मोठं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं.

आकडा चढत होता. पहिल्या आठवड्यात उंदरामागं चार, सहाव्यात नऊ, नवव्यात सोळा. बाबा जेवताना सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद असायचा आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

नववा आठवडा संपला त्याच दिवशी साफसफाई खात्याची माणसं गवत कापायची यंत्रं घेऊन आली. वसाहतीतल्या बायकांनीच अर्ज केला होता. बाबा आडवे गेले.

“तीन आठवडे थांबा,” ते म्हणाले. “आज गवत कापलंत तर उंदीर दुसरीकडे पळतील, आणि नऊ आठवड्यांचे आकडे रद्दी होतील. पुरता हिशोब हातात आला की जागाच काय, सगळा भाग साफ करून घेऊ.”

मुकादम म्हणाला, “साहेब, लोक तापानं आजारी पडतायत आणि तुम्ही गवत राखताय?”

“लोकांनी तिथं जायचं नाही. बसायचं नाही, झुडपांवर कपडे वाळत घालायचे नाहीत. एवढं पाळलं तर कुणाला काही होत नाही.”

यंत्रं परत गेली. बाबांनी लाकडी फळीवर स्वतःच्या हातानं ‘सर्वेक्षण चालू आहे. गवत कापू नये. गवतात जाऊ नये’ असं लिहून फळी तिथं ठोकली, आणि दारोदार जाऊन लोकांना बजावून आले. लोकांनीही ऐकलं.

ऐकलं नाही ते आईनं. खरं म्हणजे तिला कुणी सांगितलंच नाही. सकाळी बाबा पिंजरे गोळा करायला जायचे तेव्हा ती थर्मासमधून चहा घेऊन जायची आणि त्या पडक्या भिंतीवर बसायची. बाबा तिच्या पावलांना स्वतः उग्र वासाचं तेल चोळायचे, म्हणजे किडे पायावर चढायला नकोत. मग दोघं चहा प्यायची. घरात बाबा बोलत नसत, वहीत डोकं खुपसून बसत. तिथं मात्र बोलायचे म्हणे. अर्धा तास. ज्या जागेपासून त्यांनी सगळ्या वसाहतीला हाकललं, तिथून आपल्या बायकोला मात्र ‘ऊठ’ म्हणाले नाहीत. तेल लावलं होतं ना, हे त्यांचं म्हणणं. तेल पावलांना होतं. पाठ आणि मान भिंतीमागं उंच वाढलेल्या रानाला टेकायची.

मला हे सगळं दिसत होतं, पण त्या दिवसांत मी बाबांशी बोलत नव्हते. माझं एका ठिकाणी लग्न जमत आलं होतं. मुलगा मला आवडला होता, पसंतीही झाली होती. मग त्याची आई आमच्याकडे जेवायला आली आणि बाबांनी जेवताना, कौतुकानं, उंदराच्या कानाची गोष्ट काढली. आकड्यांसकट. त्या बाईनं हातातला घास परत ताटात ठेवला. चार दिवसांनी नकार आला. मी बाबांना म्हटलं, “तुम्हाला एक दिवस गप्प बसता आलं नाही?” त्यांना आपलं काय चुकलं तेच कळेना. “अगं, त्यांनीच विचारलं, काम काय करता म्हणून.” त्या दिवसापासून मी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, ‘त्यांना म्हणावं, मीठ द्या.’ ते हातभर अंतरावर बसलेले असायचे. आई बिचारी दोघांमध्ये निरोप्यासारखी. आज लिहिताना वाटतं, काय तो माझा ताठा.

अकराव्या आठवड्याच्या सुरुवातीला आईला ताप आला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, “कुठं काही चावलंय का? काळं पडलंय?”

“नाही हो. सर्दीचा ताप आहे. घसा धरलाय बघा.”

बाबांनी बॅटरी आणून तिची पावलं पाहिली, नडग्या पाहिल्या. काहीच नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी गेले की ते नातेवाइकांवर डाफरायचे, ‘नुसतं विचारू नका, डोक्यापासून पायांपर्यंत बघा.’ इथं बायको ‘नाही’ म्हणाली आणि त्यांनी मान डोलावली. भीती वाटत होती त्यांना. पावलं स्वच्छ निघाली तेव्हा त्यांचा चेहरा किती सैल झाला होता ते मी दारातून पाहिलं आहे.

चौथ्या दिवशी बाबा प्रयोगशाळेत गेल्यावर आई म्हणाली, केसांचा गुंता झालाय, जरा विंचरून दे. तिला खिडकीपाशी बसवून मी अंबाडा सोडला. डाव्या कानाच्या मागं, केस सुरू होतात तिथं, मसुराएवढी काळपट खपली होती. कडेनं लाल. फणी माझ्या हातातच राहिली.

“आई, हे काय?”

तिनं हात लावून पाहिला. “पुटकुळी असेल. काटा टोचला असेल अंबाड्याचा.”

“बाबांना दाखव.”

तिनं पदर कानावर ओढून घेतला. मग म्हणाली, “आज नको. दोन आठवडे राहिलेत त्यांचे. त्यांना नुसता संशय आला तरी ती फळी उपटून टाकतील आणि केलेलं सगळं पाण्यात जाईल. शिवाय सकाळी मी तिथं बसते म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतील. मी सांगेन सवडीनं. तू नको सांगूस.”

मी उंदीरसाहेबांची मुलगी. बारा वर्षांची असल्यापासून त्या खपलीचं वर्णन मला तोंडपाठ. ती काय आहे हे मला कळलं नाही, असं मी कुणालाही सांगू शकते, स्वतःला नाही. पण सांगायचं म्हणजे बाबांशी बोलावं लागणार होतं. आधी मीच बोलायचं, म्हणजे मी हरले. आई नको म्हणाली होतीच, तो आधार मला पुरला. पुटकुळी असेल, असं मनाशी म्हणत मी तिचे केस विंचरले, सैल वेणी घातली आणि वेणीनं ती खपली झाकली. बाबा संध्याकाळी आले. माझ्यासमोरून दोनदा गेले. मी मूग गिळून भांडी लावत राहिले.

सहाव्या दिवशी आईला उभं राहवेना तेव्हा दवाखान्यात नेलं. बाबांनी डॉक्टरांना सांगितलं, “माइटचा ताप नसावा, मी पाहिलंय.” त्यांचं या बाबतीतलं म्हणणं डॉक्टरसुद्धा प्रमाण मानत. दुसरी औषधं सुरू झाली. मी तेव्हाही तिथं उभी होते. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस असं विचारतील, ही नवी भीती जुन्या ताठ्यावर बसली होती.

नवव्या दिवशी तिला श्वास पुरेना. नळी लावताना परिचारिकेनं मानेखालची वेणी बाजूला केली आणि तिला खपली दिसली. बाबांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं. एवढंच पाहिलं मी, पुढं बघवलं नाही. गोळ्या सुरू केल्या, पण तोवर फुफ्फुसं गेली होती. दहाव्या दिवशी दुपारी आई गेली.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, मावशी, काका, शेजारी, सगळ्यांच्या देखत मी बाबांशी सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बोलले. “तुमच्या त्या फळीनं आईला खाल्लं,” मी म्हटलं. “लोक गवत कापायला आले होते. तुम्ही कापू दिलं नाहीत. तुम्हाला आकडे हवे होते.”

बाबा म्हणाले, “हो.”

मावशीनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ एवढंच पुटपुटली. पुढचं ‘आपण कोरडे पाषाण’ तिनं गिळलं, पण ते ऐकू सगळ्यांनाच आलं. मला कुणी काही विचारलं नाही. जो मोठ्यानं ओरडतो त्याला कुणी विचारत नाही, हे मला त्या जिन्यात कळलं. मी ते पुरेपूर वापरलं.

बाबांनी उरलेले दिवस पूर्ण केले. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते पिंजरे घेऊन निघाले तेव्हा वसाहतीतल्या लोकांनी दारं लावून घेतली. निर्दय म्हणाले त्यांना. मीही म्हटलं. शेवटचा आकडा एकवीस होता. तो वर गेला, वरचे लोक खरोखर हलले, फवारणी झाली, गोळ्या आल्या. ती जागा साफ झाली आणि त्या भागात पुढं कुणी त्या तापानं मेलं नाही. बाबांनी यातलं काही कधी बोलून दाखवलं नाही. फळी मात्र त्यांनी घरी आणली होती. ती माळ्यावर कुठंतरी पडली असेल.

अशी अकरा वर्षं गेली. मी लग्न केलं नाही, एका औषधांच्या दुकानात हिशोब बघायला लागले. आम्ही दोघं एका घरात राहत होतो. बोलत होतो, भाजीबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल. बाबा निवृत्त झाले तरी नव्यानं भरती झालेल्या आरोग्यसेविकांना शिकवायला त्यांना वर्षातून एकदा बोलवायचे. परवा त्यांना चक्कर येत होती म्हणून आणायला मी गेले आणि मागच्या बाकावर बसले. ते मला दिसत होते, मी त्यांना दिसत नव्हते. हल्ली त्यांना लांबचं दिसत नाही.

उंदीर, माइट, गवत, खपली, सगळं सांगून झालं. मग ते म्हणाले, “आता एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. माझी बायको या तापानं गेली. मी तिला विचारलं, तिनं नाही म्हटलं. मी तिचे पाय बघितले, केस बघितले नाहीत. त्या घरात ती खपली बघू शकेल असा मी एकटाच माणूस होतो. दुसऱ्या कुणाची त्यात चूक नव्हती.”

पुढच्या बाकावरची एक मुलगी हे वहीत लिहून घेत होती. माझ्या शेजारी बसलेली जुनी सेविका कुजबुजली, दरवर्षी ते हे सांगतात. अकरा तुकड्यांना सांगून झालं होतं.

घरी येताना वाटेत बाबांना दम लागला म्हणून आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. समोर एक माणूस सायकलचं पंक्चर काढत होता. मी त्याच्याकडे बघत बोलायला लागले. तापाचा चौथा दिवस होता असं काही म्हटलं नाही, दिवस सांगायचं मला धाडसच झालं नाही. एवढंच सांगितलं, की आई तापात असताना मी तिचे केस विंचरले होते, खपली पाहिली होती, काय आहे ते मला कळलं होतं. मी तुमच्याशी बोलत नव्हते म्हणून सांगितलं नाही. आणि जिन्यात तुम्हाला बोलले तेव्हाही मला हे माहीत होतं.

पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे आले, त्यानं तिथं खूण केली.

“कुठल्या कानामागं? डाव्या ना?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“केवढी होती?”

“मसुराएवढी.”

“कडा लाल होत्या?”

“हो. लाल होत्या.”

ते मनात काहीतरी मोजत होते. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरत होता. मला वाटलं, आता ते मला शिव्या देतील, आणि द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

“म्हणजे सातवा दिवस असणार,” ते म्हणाले. “एवढी मोठी खपली सातव्या दिवशी होते. सातव्या दिवशी तू सांगितलं असतंस तरी उपयोग नव्हता. तोवर ते छातीत उतरलेलं होतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.”

सातव्या दिवशी आई दवाखान्यात होती. रात्रंदिवस बाबाच तिच्या उशाशी बसून होते आणि तिची वेणी नवव्या दिवसापर्यंत कुणीच सोडली नव्हती. केस विंचरले ते घरी, खिडकीपाशी, ते प्रयोगशाळेत गेलेले असताना. त्यानंतर एकच दिवस ती घरात होती. हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त पक्कं माहीत होतं.

“हो,” मी म्हटलं. “सातवाच असेल.”

त्यांनी मान डोलावली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, “चल, ऊन वाढतंय.”